चुंबक लावून घेतलेलं घड्याळ

प्रेमानंद काकांच्या घरात खरी वेळ कोणालाच माहीत नसते. भिंतीवरचं घड्याळ दहाएक मिनिटं पुढे. स्वयंपाकघरातलं त्याच्याही पुढे. काकांच्या मनगटावरचं किती पुढे ते काकांनाही धड सांगता येत नाही. फर्स्ट शिफ्टची हजेरी चुकू नये म्हणून काकांनी कधीतरी काटे पुढे सरकवले. काही दिवसांनी रुक्मा काकूंच्या लक्षात आलं की ह्यांना आता ते ठाऊक झालंय, म्हणून त्यांनी गुपचूप आणखी थोडे सरकवले. स्टील प्लांटमध्ये शिफ्ट करणाऱ्यांची निम्मी घरं अशीच. आमच्या वस्तीत, रुआबांध्यात, आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत, पण तिच्या अलीकडे एक वेळ असते आणि पलीकडे दुसरी. लहानपणी मला वाटायचं, काकांकडे सकाळ आमच्या आधी होते.

काका स्वभावानं घाबरट आहेत, हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणतो. कुलूप लावल्यावर ते इतक्यांदा ओढून पाहतात की एकदा कोयंडाच हातात आला. नागपूरला दीक्षाभूमीला जायचं असलं की आधीची गाडी सुटायच्याही आधी हे दुर्ग स्टेशनवर हजर. आणि हाच माणूस प्लांटमध्ये मॅग्नेट क्रेन चालवतो. वर केबिनमध्ये बसून भलंमोठं गोल चुंबक खाली सोडायचं, करंट द्यायचा, भंगाराचा ढीगच्या ढीग त्याला चिकटला की उचलून नेऊन नेमका जागेवर टाकायचा. त्यात इतकी वर्षं गेली, पण हात हलला नाही कधी. घाबरायचं सगळं काम ते घरी आल्यावर करतात.

त्यांची लेक पायल रेल्वेत असिस्टंट लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हरची मदतनीस, झाली तेव्हा गल्लीत पेढे वाटले आणि काकांची झोप उडाली. ट्रेनिंग झालं. मग मोठ्यांच्या हाताखाली रस्ता शिकायच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या संपल्या की स्वतःच्या जबाबदारीची पहिली ड्यूटी. त्या दरम्यान एकदा जेवताना पायल बोलून गेली की इंजिनावर मोबाइल बंद ठेवावा लागतो. काकांचा घास हातातच राहिला.

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद, बाबा. स्विच ऑफ."

"मंग टाइम कसा पाहशील?"

"इंजिनात घडी असते."

"ते बिघडली त?"

"लोको पायलट साहेबाजवळ असते."

"त्याची बी बिघडली त?"

"मंग गाडी तिथंच सोडून आमी दोघं पायी येतो."

काकू हसल्या, मीही हसलो. मी वरणासाठी वाटी घेऊन गेलो होतो. काका नाही हसले. लॉबीत मुली मोजक्याच आहेत, हे पायलनंच सांगितलं होतं. लॉबी म्हणजे ड्रायव्हर लोक ड्यूटीवर चढताना सह्या करतात ते ऑफिस. तिथं एखाद्या मुलाची चूक झाली तर ती त्या मुलाची चूक असते. मुलीची झाली की म्हणतात, लडकी है ना. कोणत्या स्टेशनावरून गाडी किती वाजता गेली हे असिस्टंटला लिहावं लागतं. तिथं पायलनं चुकीची वेळ लिहिली आणि कोणी तिला टाइम पाहता येत नाही म्हणालं तर, हे काकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. इंजिनात तिच्यासोबत बसता येत नाही. मग निदान घड्याळ तरी आपल्या हातानं बघून द्यावं.

दुसऱ्या दिवशी मला हाक आली. "रूपेश, गाडी काढ. सुपेल्याले जाचं हाय."

सुपेल्याच्या बाजारात दुकानदारानं मुलीसाठी म्हटल्याबरोबर गुलाबी डायलची, खडे लावलेली घड्याळं काचेवर मांडली. काका म्हणाले, "भैया, वो शादी में नहीं जा रही. इंजन में जा रही है." दुकानदार गडबडला आणि मग जरा सरळ माणसासारखा वागायला लागला. सेलवाली घड्याळं काकांनी हातही न लावता बाद केली. रस्त्यात, जंगलात सेल संपला तर सेल कोण आणून देणार? चामड्याचा पट्टा घामानं कुजतो. सोनेरी रंग उडतो. काच उंच असली की दाराला लागते. अंक बारीक असले तर धक्क्यात दिसत नाहीत. एकेक घड्याळ परत खोक्यात जात होतं आणि मी मोबाइलवर वेळ पाहत होतो.

शेवटी एक राहिलं. स्टीलचं, गोल, काळ्या डायलवर पांढरे ठसठशीत अंक. किल्ली द्यायची नाही, सेल नाही, हात हलला की आपोआप चालतं. काटे लावायचं बटण पेचासारखं फिरवून बंद करायचं, म्हणजे पाणी आत जात नाही.

"हाथ हिलने से चलती है? और बैठी रही तो?"

"अंकल, बैठे-बैठे भी हाथ तो हिलता है ना."

काकांनी मला खुर्चीवर बसवून माझा हात हलतो का ते पाहिलं. मग दुकानदाराला म्हणाले, "इसका डिब्बा कोई बड़ा वाला दिखाओ." तो आत वळला तसा काकांनी खिशातून काळं गोल चुंबक काढलं.

हे चुंबक आमच्या ओळखीचं. जुना स्पीकर फोडून काढलेलं, एरवी काकूंच्या फ्रिजच्या दारावर लाइटचं बिल धरून बसलेलं असतं. आमच्याकडे बायका भांडी घ्यायला निघाल्या की पर्समध्ये चुंबक टाकतात. चिकटलं तर स्टील हलकं, नाही चिकटलं तर असली. स्टीलच्या गावात राहून नकली स्टील घरात आणलं तर लोक काय म्हणतील? काकांनी ते घड्याळाच्या पाठीवर ठेवलं. नाही चिकटलं. पट्ट्यावर ठेवलं. नाही चिकटलं. मग लेकराला साबण लावावा तसं मागून, पुढून, काचेवरून, कडेकडेनं नीट फिरवलं. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "असली हाय."

मलाही बरं वाटलं. मी आयटीआय केलेला माणूस, पण त्या वेळी माझ्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही.

घरी त्याची परीक्षा संपेना. रात्रभर बादलीत. मग फ्रिजमध्ये, कारण हिवाळ्यात इंजिनात गार लागतं. मग गादीवर टाकून पाहिलं. काकूंना स्टील दाखवायला पुन्हा एकदा चुंबक फिरवलं. शेवटी पायलच्या हातात घातलं तेव्हा काका असे उभे होते, जणू आपणच परीक्षेला बसलोय. पायलनं हात वरखाली केला. "भारी हाय, बाबा."

"जड वाटून राहिली का?"

"नाही हो. भारी म्हणजे मस्त."

त्या दिवसांत घरी ते घड्याळ थोडं पुढे दिसायचं. काकूंनी पाहिलं आणि मनात म्हटलं, ह्यांनी केलं असेल, नेहमीसारखं. काकांनी पाहिलं आणि म्हटलं, रुक्मीनं केलं असेल, नेहमीसारखं. दोघांनाही बरंच वाटलं. कोणी कोणाला विचारलं नाही. असल्या गोष्टी त्या घरात विचारायच्या नसतातच, विचारलं की काटे सरकवण्याचा फायदा जातो.

मग पायलच्या स्वतंत्र ड्यूटीचा दिवस आला. मालगाडी घेऊन दल्ली राजहराला, आणि तिकडच्या खाणीतलं लोहखनिज भरून परत. काकांची त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती, म्हणून ते अंधारातच निघाले. निघताना पायलच्या खोलीच्या दारात उभे राहिले. ती झोपली होती, घड्याळ उशीजवळ. तिला उठवलं नाही.

पुढचं मला गुलाब काकांनी सांगितलं. ते बाजूच्या क्रेनवर असतात, काकांचे जुने दोस्त. मॅग्नेट क्रेनवर चढायच्या आधी घड्याळ, एटीएम कार्ड सगळं लॉकरमध्ये ठेवायचं असतं. काकांचं एक कार्ड पूर्वी असंच वाया गेलं, आणि तेव्हापासून नवीन माणूस आला की काकाच त्याला बजावतात, घडी उतार, मॅग्नेट आपला नातेवाईक नाही. त्या सकाळी काका लॉकरसमोर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभे होते. गुलाब काकांनी त्यांचीच नक्कल केली.

"काय पाहून राहिला, प्रेम्या? घडी उतार. मॅग्नेट आपला नातेवाईक नाही."

काकांनी पट्टा सोडला. घड्याळ लॉकरमध्ये ठेवलं. हात तिथंच राहिला.

"गुलाब," ते म्हणाले, "चुंबक घडीले लागलं त घडीचं काय होते?"

"मले काहाले विचारते बे? तूच सांगत असते सगळ्याइले. आतली स्प्रिंग चिकटते, घडी पळाले लागते. नाही त बंदच पडते."

गुलाब काका म्हणतात, त्यांना वाटलं ह्याला चक्कर आली. काका बाकावर बसले आणि एवढंच म्हणाले, "म्या दोनदा लावलं."

बसून राहणं शक्य नव्हतं, खाली माणसं वाट पाहत होती. काका वर चढले, शिफ्ट केली. भंगार नेहमीच्या जागी पडलं. पण चहाच्या वेळी त्यांनी पायलला फोन लावला तर तो बंद. लागणारच नव्हता. काकूंना लावला.

"पायलच्या घडीचे काटे कोनं पुढं केले?"

"तुमीच त केले."

"म्या नाही केले."

"मंग म्या बी नाही केले." काकूंचा आवाज उतरला. "मंग कोनं केले वो बाप्पा?"

शिफ्ट सुटली आणि गेटमधून बाहेर पडताच काकांनी मला बोलावलं. मी पोहोचलो तेव्हा ते उन्हात उभे, डबा छातीशी धरलेला. "मरोद्याच्या रेल्वे फाटकावर चाल. दल्लीवरून येनारी गाडी तिथूनच जाते."

"जाऊन काय करता, काकाजी? गाडी थांबवता?"

"तू चाल."

वाटेत मोटारसायकलवर मागे बसून ते बोलत राहिले. घडी पुढं पळते, म्हणजे पायल टाइम जास्त लिहून टाकंल. नाही त, बाबानं पुढं केली असंल म्हणून मनातून दहा कमी करंल, आन् आता दहाच पुढं हाय का पन्नास कोनाले मालूम? नाही त पूरीच बंद पडली असंल आन् पोरगी पाहून राहिली असंल का आता इतकेच वाजले. मी म्हटलं, इंजिनातही घड्याळ असतं. ते म्हणाले, "ते बिघडली त?" पायी येण्याचा विनोद माझ्या जिभेवर होता, पण आरशात त्यांचं तोंड दिसत होतं.

फाटकावर एक गाडी येऊन गेली, पॅसेंजर. मग एक मालगाडी उलट्या दिशेनं, रिकामी. फाटकाच्या कोठडीत गेटमन होता, मध्यम वयाचा, शांत माणूस. काका त्याच्याजवळ गेले.

"भैया, एक फोन लगा दोगे?"

"किसको?"

"इंजन को."

गेटमननं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. "अंकल, यहाँ से स्टेशन मास्टर को लगता है. इंजन को नहीं."

"तो उन्हीं को बोल दो. गाड़ी में जो असिस्टेंट है, उसकी घड़ी..."

"हाँ, घड़ी क्या?"

काका थांबले. मी त्यांना इतक्या वर्षांत पुष्कळ घाबरलेलं पाहिलंय, पण असं नाही. सांगितलं तर निरोप स्टेशन मास्टरकडून लॉबीत जाईल, आणि पहिल्याच ड्यूटीला पायलच्या नावापुढे घड्याळ लागेल, तेही बापाच्या तोंडून. नाही सांगितलं तर ती ते खोटं घड्याळ बघत येतेय.

"कुछ नहीं," काका म्हणाले. "घड़ी में कितना बजा, ये पूछ रहा था."

गेटमननं वेळ सांगितली. काकांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, हिशेब जुळवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

आम्ही लिंबाच्या झाडाखाली उभे राहिलो. त्यांनी डबा उघडला, पोळी तशीच होती, पुन्हा बंद केला. एकदा म्हणाले, "सेलवाली घेतली असती त बरं झालं असतं." थोड्या वेळानं म्हणाले, "गुलाबी बी बरी होती."

मग घंटा वाजली. फाटक पडलं. दल्लीच्या बाजूनं इंजिन दिसलं, मागे लाल मातीनं माखलेले डबे. गेटमन हिरवी झेंडी घेऊन बाहेर येऊन उभा राहिला. काका फाटकाच्या दांड्याला पोट टेकवून पुढे वाकले. मी त्यांचा शर्ट धरला.

आमच्या बाजूच्या खिडकीत पायल होती. केस घट्ट बांधलेले, नजर आधी पुढे, मग गेटमनवर. आम्ही तिला दिसलो नाही, किंवा तिनं पाहायचं नाही असं ठरवलं असेल. तिनं हात बाहेर काढून हिरवी झेंडी धरली. इकडून गेटमनची, तिकडून तिची. सगळं ठीक आहे, असं एकमेकांना सांगायची त्यांची ती रीत. इंजिन धडधडत गेलं. मग डबे जात राहिले, आणि काका दांड्याला तसेच टेकून.

"रूपेश, तुले दिसली?"

"दिसली ना. कशी ऐटीत बसली होती!"

"हातात का होतं?"

"झेंडी."

"झेंडीच्या खाली. मनगटात."

"ध्यान नाही गेलं, काकाजी."

"काळी होती," काका म्हणाले. "रबराची. काळी."

माझंही ध्यान गेलं होतं. तिच्या हातात फुटपाथवर मिळतं तसलं, चौकोनी आकडे दाखवणारं, सेलवालं घड्याळ होतं.

मला वाटलं, आता ह्यांचा जीव भांड्यात पडेल. पोरीच्या हातात चालू घड्याळ आहे, झेंडी वेळेवर निघाली, आणखी काय हवं? अर्ध्या रस्त्यात मागून आवाज आला. "मंग माही घडी कुठं गेली? हरवली का तिनं? का चोरीले गेली?"

संध्याकाळी पायल स्कूटी उभी करून आत आली तेव्हा मी तिथंच होतो. काकूंनी मला मुद्दाम थांबवून घेतलं होतं, भांडण होऊ नये म्हणून. आणि पायलच्या मनगटावर काय, तर स्टीलचं घड्याळ, लखलखीत.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. आमच्याकडे पाहिलं.

"कशी झाली ड्यूटी?"

"एक नंबर. साहेब म्हणाले, बढ़िया है बेटा."

"आन् घडी कशी चालून राहिली?"

"एकदम मस्त, बाबा."

"किती वाजले?"

पायलनं मनगट वर केलं, पण नजर खांद्यावरच्या अर्धवट उघड्या बॅगेत गेली. "सहा वीस."

काकांनी तिचा हात धरून घड्याळ आपल्याकडे वळवलं. त्यात आठ वाजून गेले होते. मग त्यांनी बॅगेत बोट घालून काळा रबरी पट्टा वर ओढला. पायलनं आईकडे पाहिलं, मग खुर्चीत बसली.

"लॉबीत सही करताना तिथल्या मोठ्या घडीशी आपली घडी मिळवा लागते," ती म्हणाली. "शिकायच्या फेऱ्यातच समजलं. पह्यल्या दिवशी पुढं दिसली. म्हटलं, बाबाची सवय. बरोबर केली. दुसऱ्या दिवशी परत पुढं. मले वाटलं, तुमी रात्री उठून काटे सरकवता."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"कसं सांगू? तुमी तिले बादलीत बुडवली, फ्रिजात ठेवली, गादीवर पाडली. इतकं त माह्यासाठी नाही केलं." ती हसायला लागली, पण काकांचं तोंड पाहून थांबली. "पॉवर हाउस बजाराच्या फुटपाथवरून ही घेतली. घरून निघताना तुमची घालतो, लॉबीत बदलतो. येताना परत तुमची."

काका उठले. फ्रिजच्या दारावरून चुंबक काढलं. लाइटचं बिल खाली पडलं, ते कोणी उचललं नाही. चुंबक त्यांनी पायलच्या समोर ठेवलं.

"हे लावलं म्या."

"कशाले?"

"स्टील असली हाय का पाहाले."

पायल चुंबकाकडे पाहत राहिली. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बाप्पा बाप्पा! भांडं होय का ते?"

"बाबा," पायल म्हणाली, "तुमी? मॅग्नेट क्रेनवाले?"

"असली निघाली ना पन," काका म्हणाले. त्यावर मात्र कोणाला राहवलं नाही. काकाही हसले, जरा उशिरा आणि सगळ्यांत कमी.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुर्गच्या इंदिरा मार्केटमध्ये एका घड्याळवाल्याकडे गेलो, आम्ही तिघं. त्यानं होकायंत्र घड्याळाजवळ धरलं, सुई गर्रकन फिरली. मग चुंबक उतरवायच्या एका लहानशा डब्यावर घड्याळ ठेवून बटण दाबलं आणि घड्याळ हळूहळू वर उचललं. झालं, इतकंच. चष्म्यावरून पाहत म्हणाला, "इसमें चुंबक किसने लगाया?"

काका रस्त्याकडे बघायला लागले. "घर में बच्चे हैं."

घरात मूल म्हणून एकच. ते मालगाडी चालवतं आणि त्या वेळी काकांच्या शेजारी ओठ दाबून उभं होतं.

आता स्टीलचं घड्याळ बरोबर चालतं आणि पायल तेच घालून जाते. रबराचं बॅगेत असतं. स्टीलचं बिघडलं तर, म्हणून. ही सवय काकांचीच, फक्त आता पायलला लागलीय. घड्याळाला हात लावायची काकांना बंदी आहे. चुंबक भांड्यांच्या कपाटात गेलं.

भिंतीवरचं घड्याळ मात्र अजून पुढेच आहे. पायल येते म्हणून सांगते ती वेळ त्या घड्याळात आधीच होऊन जाते, आणि काका गेटवर येऊन उभे राहतात. मी माझ्या गेटवरून विचारतो, काय काकाजी, मॅग्नेट लागलं का गेटला? ते रस्त्याच्या टोकाकडे पाहत असतात. परवा काकूंनी आतून आवाज दिला.

"अहो, ते भिंतीवरची घडी एक बार बरोबर करून टाका. रोज दहा मिनिटं फुकट घाबरता."

काका वळले नाहीत.

"आन् ते लवकर आली त?"